मेल्या मेंढरांची लोकर

मास्तर, तुम्ही शेवटचे तीन महिने जी काळी घोंगडी पांघरत होता तिची लोकर मेल्या मेंढरांची होती, आणि ते मला ठाऊक होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला साठ वर्षं लागली. आत्तासुद्धा लिहून झाल्यावर दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं, दार लावलंय ना ते उठून पाहिलं. मी कोण ते तुमच्या ध्यानात आलं असेलच. गिरणीतला तो धनगर, दर रविवारी सकाळी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या तुमच्या ओसरीवर खांबाला टेकून बसणारा, पाटी पोटाशी धरणारा. "पाटी काय कोकरू आहे का रे?" असं तुम्ही विचारायचात आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. तिसऱ्या पुस्तकाच्या निम्म्यापर्यंत तुम्ही मला आणलंत आणि तिथेच माझं शिकणं थांबलं, कारण त्या माघात तुम्ही गेलात. पुढे जे काही वाचायला आलं ते दुकानांच्या पाट्यांवरून आणि पुड्यांच्या कागदांवरून.

आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. मी आता जुळे सोलापुरात मुलाच्या घरी राहतो. बाहेरच्या खोलीत पाळणा बांधण्याची गडबड चालली आहे, नातीच्या मुलीचं बारसं आहे. महिन्यापूर्वी नात माहेरी आली तेव्हा माझ्या पलंगावर येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही मला आजपर्यंत तुमच्या हातानं काहीच दिलं नाहीत की. आईनं दिलं, आजीनं दिलं. आता माझ्या बाळाला तरी द्या. छोटीशी घोंगडी द्या, तुमच्या गावची." मी हो म्हणालो. म्हणायला काय लागतं. गावाकडून मागवलीही. कोकराची पहिली लोकर, जावळ म्हणतात तिला, ती माझ्या डोळ्यांसमोर कातरलेली नसली तरी मी बोटांनी दहा वेळा तपासली आहे. जित्या कोकराचीच आहे, शंका नाही. तरी ती महिनाभर कपाटात पडून आहे, आणि आज मांडीवर घेऊन बसलो आहे, आणि ती त्या पोरीच्या हातात देणं मला जमेल असं वाटत नाही. मी कुणाला काही देत नाही, मास्तर. तुमच्यानंतर दिलंच नाही. मुलीच्या लग्नात आहेरसुद्धा बायकोच्या हातून दिला. लोक मला चिकट म्हणतात. मुलाला चिंचोळीच्या कारखान्यातून निवृत्त होताना भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, तर मी दोन दिवस जेवलो नाही. सून म्हणाली, "मामा, घड्याळ दिलं म्हणून काय माणूस मरतंय व्हय?" मी म्हणालो, "मला काय माहीत." तिला वाटलं म्हातारा वाद घालतोय. मला खरंच माहीत नाही.

हे सगळं तुमच्या ओसरीवर सुरू झालं. तो रविवार मला अजून दिसतो. भाद्रपद सरत आलेला, तुमचा खोकला सुरू झालेला, अंगावर पातळ उपरणं. आम्ही सहा-सातजण गिरणीचे कामगार, सगळे बाप्ये, मिशावाले, आणि पाटीवर ओणवे होऊन अक्षरं काढतोय. सूतखात्यातला आपला मुसलमान दोस्त त्या दिवशी रुमाल विसरून आला होता. शेजारच्या तेलुगू विणकरानं स्वतःचा पुढे केला तर तो मागे सरकला. "नै नै, रुमाल नै लेता मैं. जुदाई पडती बोलते हमारे में." तुम्ही पुस्तक मिटलंत. तुम्हाला असलं काही सापडलं की पुस्तक मिटायचंच. म्हणालात, "बरं, तुमच्या तुमच्या घरी काय काय देत नाहीत ते सांगा. मी फळ्यावर लिहितो, तुम्ही वाचा." मग काय विचारता. विणकर म्हणाला, आमच्यात कात्री देत नाहीत, नातं तुटतं. एकजण म्हणाला, सुई हातावर देत नाहीत, भुईवर ठेवतात, दुसऱ्यानं उचलायची. मीठ हातात देत नाहीत, भांडण होतं. आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत. केरसुणी देत नाहीत, लक्ष्मी जाते. तुमच्या मंडळी, आमच्या काकू, आतून म्हणाल्या, "आणि शुभकार्यात काळं देत नाहीत, तेही लिहा म्हणावं." तुम्ही दाराकडे बघून म्हणालात, "लिहितो हो, तुमचं आधी लिहितो." फळा भरला. मी काही बोललो नाही. आमच्यात काय देत नाहीत ते मला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

त्या पावसाळ्यात आमच्या मेंढरांत रोग शिरला होता. निम्मा कळप गेला. आईनं मेलेल्यांची लोकर हातानं उपटून घेतली, कारण ती टाकून देणं परवडत नव्हतं, आणि एका पोत्यात भरून खोपटाच्या कोपऱ्यात वेगळी ठेवली. व्यापारी आला की दोरखंडासाठी विकायची. फळ्याच्या त्या रविवाराआधी गावी गेलो तेव्हा मी तिला म्हणालो होतो, मास्तरला घोंगडी द्यायची हाय, खोकत्यात लई. ती म्हणाली, "देऊ की. म्होरल्या कातरणीला देऊ. त्या पोत्याला हात लावू नगंस." मी विचारलं, का. तर म्हणाली, "जितं मेंढरू लोकर देतंय. उभं ऱ्हातंय, कातर चालू देतंय. मेल्यालं देत न्हाय, ते आपुन घ्येतो. ज्ये दिल्यालंच न्हाय त्ये दुसऱ्याला कसं द्याचं?" आई शिकलेली नव्हती. पण मी तुमच्याकडे शिकायला येत होतो, आणि मला वाटलं, हिचं आपलं काहीतरीच.

फळा भरल्यावर तुम्ही हात झटकलेत आणि म्हणालात, "आता ऐका. दिवाळीला गावी जाल, तिकडून येताना प्रत्येकानं मला अशी एक वस्तू आणायची, जी तुमच्या घरी कुणी कुणाला देत नाही. भुईवर ठेवायची नाही, माझ्या हातात द्यायची. बघू माझं काय होतं ते." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हशा झाला. काकू दारापर्यंत आल्या. एरवी त्या बाहेर येत नसत. "अहो, ही कसली थट्टा?" तुम्ही म्हणालात, "थट्टा नाही, परीक्षा आहे." त्या म्हणाल्या, "कुणाची?" तुम्ही खोकलात.

दिवाळीला मी गावी गेलो. खरं सांगतो, मास्तर, माझ्या मनात वाईट नव्हतं. पण इतरजण सुई आणणार, मीठ आणणार, रुमाल आणणार, आणि मी सगळ्यांपेक्षा मोठी वस्तू आणीन, तुम्ही ती अंगावर घ्याल, दर रविवारी सगळ्यांना दिसेल, हे मनात होतं. पुढची कातरणी लांब होती. आई उरलेली मेंढरं घेऊन आठवडाभर माळावर गेली आणि मी पोतं उचलून सणगराकडे, घोंगड्या विणणाऱ्याकडे, नेलं. त्यानं मूठभर लोकर चिमटीत घेऊन चोळली. "मेल्याली हाय की रं ही. घरात वापराय का इकाय?" मी म्हणालो, "इकाय." त्यानं मान हलवली आणि पिंजायला घेतली. घरची माणसं कामाला लावून त्यानं मला चार दिवसांत घोंगडी दिली. विणीला लावलेली चिंचोक्याची खळ नीट वाळलीही नव्हती. तो वास माझ्या नाकात आहे. अजून कुठे चिंचोके भाजले तरी मी तिथून उठतो.

मग तो रविवार. सगळे एकेक पुढे येताहेत. सुईवाला म्हणतो, "मास्तर, ही सुई," आणि तुमच्या तळहातावर ठेवतो. विणकर जुनी कात्री देतो, देताना डोळे मिटतो, आणि सगळे खो खो हसतात. आपला दोस्त रुमाल देतो आणि लगेच म्हणतो, "मास्तर, जुदाई हुई तो मेरा नाम नै लेना." तुम्ही सगळं हातात घेताय, कोनाड्यात ओळीनं मांडताय. माझी पाळी येते. मी घोंगडी पुढे करतो. तुम्ही विचारता, "अरे, ही काय न देण्याची वस्तू आहे? धनगर घोंगडी देत नाही तर काय देतो?" सगळे माझ्याकडे बघताहेत. मी म्हणतो, "काळी हाय मास्तर. काकूंच्यात काळं देत न्हाईत." तुम्ही इतके हसलात, इतके हसलात, की ठसका लागला. "म्हणजे हा आमचीच भीती आम्हाला द्यायला घेऊन आला!" काकू आतून म्हणाल्या, "लोकर आहे ती, सोवळ्यात चालते. लोकरीच्या काळ्याला दोष नाही. घ्या, तुम्हाला गरजच आहे." तुम्ही तिथल्या तिथे ती खांद्यावर घेतलीत. "मजुरी तरी घे रे विणणाऱ्याची," म्हणालात. मी म्हणालो, "न्हाय मास्तर, ही भेट हाय." मोठ्या ऐटीत म्हणालो.

फरक तुमच्या लक्षात येतोय ना? सुईवाल्यानं सुई सुई म्हणून दिली. तुम्ही सुई म्हणूनच घेतलीत. काय घेतोय ते तुम्हाला ठाऊक होतं. माझी तेवढी वस्तू अशी होती की तुम्ही ती न कळता घेतलीत. तुम्ही परीक्षा मांडली होती आणि मी पेपर चोरून लिहिला. नंतर खूपदा वाटलं की लोकरीत काही नसेल, पण त्या न सांगण्यात होतं.

संक्रांतीला गावी गेलो तर आई कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "पोतं कुटं गेलं?" मी म्हणालो, "इकलं." ती म्हणाली, "इकलंस तर इकलंस. इकल्याला दोष न्हाय. समोरच्यानं पैका टाकला की त्येचं त्यो बघंल. फुकाट कुणाला दिली न्हाईस न्हवं?" मी म्हणालो, "न्हाय." तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तो खाल्ला नाही, खिशात घातला आणि दुसऱ्याच दिवशी सोलापूरला निघालो. वाटभर एकच विचार. मास्तरांकडून एक पैसा घ्यायचा. एक पैसा घेतला की ती विकल्यासारखी होईल, मग काही नाही.

मी आलो तर तुम्ही अंथरुणावर. रविवार नव्हता, तरी मी आलो. डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते, छातीत कफ भरलाय म्हणून सांगून. तुम्ही गळ्यापर्यंत घोंगडी ओढून घेतली होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मास्तर, त्या घोंगडीचा मला एक पैसा द्या." काकूंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं मला पैशाची अडचण आहे. तुम्ही मात्र हसलात. हसताना छातीतून आवाज आला. "भेट म्हणालास ना रे? आता दाम मागतोस?" मी म्हणालो, "एकच पैसा, मास्तर. द्याच." तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत. मला वाटलं आता विचारणार, आता मी सांगणार. तोंडाशी आलं होतं. तुम्ही म्हणालात, "बरं, रविवारी ये. वर्गात सगळ्यांसमोर देतो. सगळ्यांना कळू दे तू कसला व्यवहारी आहेस ते." आणि डोळे मिटलेत. मी काकूंकडे मागू शकलो असतो. त्यांनी दिलाही असता. पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभ उचलली नाही. तो रविवार आला तेव्हा ओसरीवर तुमचे नातेवाईक बसले होते.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. कोनाडा रिकामा होता, सुई, कात्री, सगळं त्यांनी कुठेतरी टाकलं होतं. कुणाला दोष दिला नाही, पण टाकलं होतं. घोंगडी तेवढी स्वच्छ झटकून, घडी घालून ठेवली होती. म्हणाल्या, "ही तू ने. शेवटपर्यंत हीच लागत होती त्यांना. दुसरं काही अंगावर घेतलं की काढून टाकायचे. तुझ्या आईला सांग, फार ऊब दिली म्हणावं." मास्तर, त्यांच्या हातून ती घेताना मी खाली बघत होतो. त्यांना वाटलं मी रडतोय.

आईकडे ती नेणं शक्य नव्हतं. तिनं नुसता हात लावला असता तरी तिला कळलं असतं. जाळायला धीर होईना, तुम्ही शेवटपर्यंत धरून ठेवलेली वस्तू. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती घेऊन शहराबाहेर निघालो, विहिरीत टाकीन, ओढ्यात टाकीन, काहीतरी करीन म्हणून. उजाडता उजाडता गावाबाहेरच्या पडीक रानात मेंढरं बसलेली दिसली. एक बाई तीन दगडांच्या चुलीशी बसलेली, मांडीवर तान्हं पोर, लुगड्याच्या फाटक्या पदरात गुंडाळलेलं. वारा झोंबत होता. मी थांबलो आणि घोंगडी तिच्यापुढे धरली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग कड चिमटीत धरून चोळली. धनगराचीच ती.

"मेल्याली हाय ही," ती म्हणाली.

"व्हय."

"कुणी मेलंय का हिच्यात?"

मी घोंगडी तशीच पुढे धरून राहिलो. ती समजली. पोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मग मला कशापायी देतूस?"

तिनं फाटका पदर पोराभोवती पुन्हा ओढला. मग ती म्हणाली, "दे हिकडं. थंडीनं आजच मरंल त्ये. बाकीचं मागनं बघू." आणि ओढून घेतली. पोराला त्यात गुंडाळलं. मी मागे वळून न बघता चालत सुटलो. त्या वेळी मला वाटलं मी दान केलं. गिरणीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा कळलं काय केलं ते. ती लोकर माणूस मारते असं मानून मी ती एका तान्ह्या पोराला दिली होती. खोटं मानत असतो तर आईकडेच नेली नसती का?

दोन दिवसांनी तिथे गेलो तर नुसत्या लेंड्या आणि राख. मेंढरं दिवसाला किती चालतात ते मला ठाऊक आहे, मागे गेलो असतो तर सापडली असती. गेलो नाही. नंतर मात्र वर्षानुवर्षं बाजारात, जत्रेत, बिरोबाच्या देवळात विचारत राहिलो, अमक्या साली तान्हं पोर असलेली बाई होती का कुणी. लोक हसायचे. "कुठल्या बाईला तान्हं पोर नसतं, बाबा?" आई गेली तेव्हाही तिला सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या वर्षी तिनं माझ्यासाठी घोंगडी विणवली, जित्या मेंढरांची, आणि मी ती कधी अंगावर घेतली नाही. तिनं कारण विचारलं नाही. बघत राहायची.

बाहेर पाळणा बांधून झाला वाटतं. सून दोनदा हाक मारून गेली, "मामा, समदी आलीत, चला की." नातीचा आवाज येतोय. ती कुणाला तरी सांगतेय, आजोबा घोंगडी देणार आहेत, स्वतःच्या हातानं. हे पत्र कुणाला दाखवणार नाही आणि तुमच्याकडे पाठवायची सोय नाही. घडी करून कपाटातल्या कागदाखाली ठेवीन. उठायच्या आधी एक राहिलंय, ते तेवढं लिहितो. ते बायकोला सांगितलं नाही, देवापुढेही म्हटलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर ही साठ वर्षं कशासाठी गेली ते मला कुणीतरी विचारलं असतं.

त्या पहाटे, काकूंनी दिलेली घोंगडी काखेत घेऊन मी निघालो तेव्हा माझ्या अंगात नुसता सदरा होता. वेशीपर्यंत गेलो आणि दात वाजायला लागले. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी ती उलगडली आणि डोक्यावरून घेतली. त्या बाईच्या चुलीपर्यंत कोसभर मी ती पांघरून चाललो. मला छान ऊब आली, मास्तर. मला काही झालं नाही.